जळगावच्या कोर्टातून राष्ट्रपती भवनात



आपल्या राजूर-वणी भागात घरची मुलगी बारावी झाली की तिच्या पुढच्या शिक्षणाचा विषय निघतो. डी.एड., नर्सिंग, फार तर बी.एस्सी., यापुढे बोलणे सहसा जात नाही. चुकून वकिलीचे नाव निघाले तर घरातले वडीलधारे म्हणतात, "पोरीच्या जातीनं कोर्टाची पायरी कशाला चढावी?" कोर्ट म्हणजे तारखा, भांडण आणि पैशाचा चुराडा, एवढीच आपली त्याच्याशी ओळख. म्हणून आज अशा एका बाईंची हकिगत सांगतो, ज्यांनी ती पायरी फार पूर्वी चढली. त्या परक्या मुलखातल्या नाहीत. माहेर खानदेशात आणि सासर आपल्या अमरावतीत.

श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचा जन्म १९ डिसेंबर १९३४ चा, जळगाव जिल्ह्यातील बोदवडजवळच्या नाडगावचा. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून त्यांनी एम.ए. केले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतली आणि जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिली केली. कॉलेजात त्या टेबल टेनिसच्या पटाईत खेळाडू होत्या, हेही मुलींना सांगण्यासारखे आहे. आपल्या देशात स्त्रियांना वकिली करण्याची कायदेशीर मोकळीक मिळाली ती १९२३ च्या कायद्याने. म्हणजे प्रतिभाताई जन्मल्या तेव्हा त्या गोष्टीला जेमतेम अकरा वर्षे झाली होती. जिल्ह्याच्या गावी काळा कोट घातलेली बाई ही तेव्हा वळून पाहण्याची गोष्ट होती.

१९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर निवडून आल्या. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९६५ मध्ये डॉ. देवीसिंह शेखावत यांच्याशी त्यांचे लग्न झाले. आता पाहा, लग्न झाले की मुलीचे शिक्षण आणि काम दोन्ही चुलीत जाते, असा आपल्याकडचा अनुभव. इथे उलटे झाले. लग्नानंतर १९६७, १९७२, १९७८ आणि १९८० अशा चार निवडणुका त्यांनी माहेरच्या एदलाबाद मतदारसंघातून जिंकल्या. एदलाबाद म्हणजेच आजचे मुक्ताईनगर. पुढे १९९१ मध्ये सासरच्या अमरावतीने त्यांना लोकसभेत पाठवले. माहेर आणि सासर दोघांनीही निवडून दिलेली लेक-सून किती सापडेल? लढवलेली एकही निवडणूक त्या हरल्या नाहीत.

मंत्रिमंडळात त्यांच्याकडे आरोग्य, समाजकल्याण, शिक्षण, गृहनिर्माण, नागरी पुरवठा अशी खाती वेळोवेळी आली. खात्यांची यादी मोठी आहे, ती सगळी सांगत बसत नाही. मला स्वतःला जास्त महत्त्वाचे वाटते ते १९७९-८० मधले विरोधी पक्षनेतेपद. मंत्र्याच्या हाताशी सगळे खाते असते. विरोधी बाकावर बसणाऱ्याला कागद स्वतः वाचावा लागतो आणि नियम स्वतः ठाऊक असावा लागतो. तिथे कायद्याचे शिक्षण कामी येते. १९८६ ते १९८८ या काळात त्या राज्यसभेच्या उपसभापती होत्या. ते कामही सगळे नियमावर बोट ठेवून चालवायचे.

२००४ मध्ये त्या राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल झाल्या आणि २५ जुलै २००७ रोजी भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. आफ्रिकेत लायबेरिया देशाने त्याच्या आदल्याच वर्षी एलेन जॉन्सन सर्लीफ या बाईंच्या हाती देश सोपवला होता. निवडणुकीतून राष्ट्रप्रमुख झालेली ती त्या खंडातली पहिली स्त्री. २००९ मध्ये, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, प्रतिभाताईंनी पुण्याहून सुखोई लढाऊ विमानातून उड्डाण केले. वर्तमानपत्रांनी तो फोटो मोठा छापला. माझ्यासारख्या शेतीखात्यातल्या माणसाला मात्र त्यांची दुसरी गोष्ट मोलाची वाटते. कोरडवाहू शेतीची उत्पादकता कशी वाढवावी यासाठी त्यांनी राज्यपालांची एक समिती नेमली होती. पावसाच्या भरवशावर कापूस आणि तूर घेणाऱ्या आपल्या वावरांचा विषय त्यामुळे राष्ट्रपती भवनापर्यंत गेला.

सगळेच गोड होते असे मात्र नाही. त्यांच्या पुढाकाराने जळगावात निघालेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये रद्द केला, आणि राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीच्या वेळी त्यावरून बरीच टीका झाली. बाईंनी बायकांसाठी काढलेली बँक असली तरी तिचा हिशेब चोखच लागतो.

आता आपल्या घराकडे या. बाप वारला की चावडीवर वारसाची नोंद होते, आणि थोड्याच दिवसांत बहिणीला सहीसाठी बोलावणे जाते. ती हक्कसोडपत्रावर सही करून चहा पिऊन परत जाते. कागदावर काय लिहिले आहे, हे तिला कोणी वाचून दाखवत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यातच दुरुस्ती झाली आणि लग्न झालेल्या लेकीही त्यात आल्या. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात नव्हते म्हणून हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. हिस्सा घ्यायचा की भावाला सोडायचा, हे बहिणीने ठरवावे. पण समजून ठरवावे. नवरा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव चढवायला फेऱ्या घालणाऱ्या बाया आपल्या जिल्ह्यात कमी नाहीत. त्यांच्या शेजारी बसून कागद वाचणारी एखादी गावचीच मुलगी असली तर पुष्कळ काम हलके होईल.

बारावीनंतर पाच वर्षांचा आणि पदवीनंतर तीन वर्षांचा असे कायद्याचे दोन अभ्यासक्रम आहेत. दोन्हींसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. मुलगी कला शाखेची असली तरी चालते. आणि ज्यांना आजच अडचण आहे त्या भगिनींनी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीची चौकशी करावी. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट त्यांना नाही. जाताना सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल बरोबर न्यावी.