वारेचं नवल

बाळ जन्मल्यावर काही मिनिटांत वार पडते आणि तिच्याकडे कोणी पुन्हा बघत नाही. खरं तर बघावं असंच तिचं रूप. वीतभर रुंद, सुमारे अर्धा किलो वजनाची. एका बाजूने गडद लाल, मांसल; दुसऱ्या बाजूने चकचकीत, नाळेपासून पसरलेल्या निळसर रक्तवाहिन्यांनी भरलेली. ती घडते मुख्यतः गर्भाच्याच पेशींतून, म्हणजे तिच्यात वडिलांचाही वाटा असतो.

तिचं काम त्याहून थक्क करणारं. भंडाऱ्याच्या बांधीत रोवलेल्या धानाची मुळं पाण्यात असतात, तसे वारेचे बारीक तंतू आईच्या रक्तात बुडालेले असतात. दिवस भरत येताना तिथे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त येतं. तरी दोघांचं रक्त सहसा मिसळत नाही. पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्न पलीकडे जातं.

भंडाऱ्यासह पूर्व विदर्भात सिकलसेल बराच आढळतो. या आजारात प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. वारेत आईचं रक्त संथ वाहतं, प्राणवायू देऊन टाकतं. आईला सिकलसेल असेल, तर वाकलेल्या पेशी तिथेच अडकू शकतात. मग वारेचा तेवढा भाग मरून फिकट, कडक होतो. बाळाची वाढ खुंटते, कधी ते पोटातच दगावतं. बाळाचं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन मात्र वेगळं. ते आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेतं आणि त्याच्या पेशी वाकत नाहीत. बाळाची तयारी पूर्ण असते, वाट अडलेली असते.

सिकलसेल नसतानाही वार बिघडते. ती गर्भाशयाच्या तोंडावर असली तर न दुखता रक्त जातं. वेळेआधी सुटली तर पोट टणक होऊन दुखतं. अशा वेळी ग्रहण पाळलं नाही म्हणून सुनेला बोल लावणं हा निव्वळ अन्याय आहे.

नवराबायको दोघांनीही सिकलसेलची तपासणी लग्नाआधी, निदान दिवस राहताच करून घ्या. रक्त गेलं, पोट टणक झालं, डोकं असह्य दुखलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळ होण्याची वाट बघू नका. 108 ला फोन करा. आणि बाळ गेलंच, तर वार तपासणीला पाठवायला डॉक्टरांना सांगा. तिच्यात कारण सापडलं, तर पुढच्या खेपेला आधीपासून काळजी घेता येते.