मानद पदवी विकत मिळत नाही

थोर सेवा व दानशूरपणाबद्दल विद्यापीठ देते तो सर्वोच्च सन्मान म्हणजे मानद डी. लिट. किंवा एलएल. डी. आपले बेंबळी १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या राज्यातील उस्मानिया विद्यापीठाने १९५३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मानद डी. लिट. दिली. अशा सन्मानाला फी नसते.

परंतु पैसे घेऊन 'डॉक्टरेट' वाटणाऱ्या संस्था व्यापाऱ्यांना गाठतात. विद्यापीठ अनुदान आयोग कायदा, १९५६, कलम २२ प्रमाणे कायद्याने स्थापन झालेली वा अधिकार मिळालेली विद्यापीठे व संस्थाच पदवी देऊ शकतात. म्हणून बेंबळीच्या व्यापारी बांधवांना आम्ही सांगतो, आधी आयोगाची यादी पाहा. तीच रक्कम गावातल्या गरीब विद्यार्थ्याच्या फीसाठी दिलीत, तर ते खरे दान ठरेल.