अडथळ्यांच्या शर्यतीची पूर्वतयारी

‘अडथळ्यांची शर्यत’ म्हटले की शालेय क्रीडामहोत्सवातील हर्डल्स डोळ्यांसमोर उभे राहतात. येथे अभिप्रेत असलेला क्रीडाप्रकार मात्र निराळा आहे. धावता धावता भिंत ओलांडणे, दोरावर चढणे, आडव्या शिडीला लोंबकळत पुढे सरकणे, चिखलातून सरपटणे, वजन वाहून नेणे असे त्याचे स्वरूप असते. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॉर्ज एबेर यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी नैसर्गिक हालचालींवर आधारलेली व्यायामपद्धती मांडली. सैनिकी शिक्षणातील अडथळा-मार्गावर तिचा ठसा उमटला. नागरिकांसाठी इंग्लंडमध्ये ‘टफ गाय’ ही शर्यत १९८७ साली सुरू झाली. ऑलिंपिकमधील आधुनिक पंचक्रीडेतून २०२४ च्या पॅरिस स्पर्धेनंतर अश्वारोहण वगळण्यात येऊन त्याची जागा अडथळा-मार्गाला देण्यात आली. साहजिकच तरुणांचे कुतूहल वाढले आहे.

नवशिका बहुधा केवळ धावण्याचा सराव करतो. प्रत्यक्षात पाय थकण्यापूर्वी मुठीच सुटतात. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत आठवड्यातून तीन दिवस सावकाश धावणे आणि दोन दिवस आडव्या दांडीला लोंबकळणे पुरेसे होय. प्रारंभी पंधरा-वीस सेकंदही लोंबकळता आले नाही, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र घाई हानिकारक ठरते. स्नायूंना बळ लवकर येते, स्नायुबंध व सांधे मागे राहतात. कोपराचे व खांद्याचे जुनाट दुखणे येथूनच उद्भवते.

दोराच्या बाबतीत महाराष्ट्राला दूर पाहण्याचे कारण नाही. दोरीच्या मल्लखांबाचा सराव असलेला मुलगा दोर पायांत पकडून देहाचा भार पायांवर घेतो. केवळ दंडाच्या जोरावर चढणारा मध्येच थकतो. उतरतानाही हाताखाली हात घेत उतरावे. घसरत येणाऱ्याचे तळवे सोलून निघतात.

खरा धोका पडण्याचा असतो. सिमेंटच्या ओट्यावर किंवा टणक मैदानावर उंच दांड्या उभारणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होय. तालमीच्या हौद्यात माती उकरून भुसभुशीत ठेवली जाते. तीच दक्षता येथेही हवी. वाळूचा जाड थर घालून तो सरावापूर्वी रोज उकरावा. उडी गुडघे किंचित वाकवून, दोन्ही पायांवर घेण्यास आधी कमी उंचीवरून शिकवावे. भिंतीची पाळी त्यानंतरची. शिक्षकांनी एका वेळी एकालाच दोरावर सोडावे. उन्हाळ्यात सराव सकाळीच उरकावा.

साहित्य फार लागत नाही. भक्कम खांब, जाड दोर, मातीने भरलेली पोती व वाळू एवढ्यावर ग्रामपंचायतीला प्रारंभ करता येतो. पावसाळ्यात दोर उतरवून कोरड्या जागी ठेवावेत, आणि पुन्हा टांगण्यापूर्वी खांबांची जमिनीलगतची बाजू कुजली आहे काय, हे पंचायत सदस्यांनी समक्ष पाहावे.