अंगठा, उचल आणि मुलाखत

दसरा झाला की चकलांब्यासारख्या बीडमधल्या गेवराई तालुक्यातल्या गावांतून ऊसतोडीचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी. निघण्याआधी मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची आणि कागदावर अंगठा उठवायचा; त्यावर काय लिहिलंय ते विचारायची सोय नसते. अशा घरी मुलाखतीला गेलेल्याने पिशवीतून फॉर्म काढला, की बोलणं आटतं.

मग सही लागतेच का? बातमीसाठी किंवा लेखासाठी प्रौढ माणसाशी बोलताना लेखी परवानगी घ्यावीच, असा कायदा भारतात नाही. आपण कोण, हे बोलणं कुठे छापून येणार, हे सांगायचं. नाव आणि फोटो वापरू का, ते विचारायचं. हा होकार रेकॉर्डिंगच्या सुरुवातीलाच घेतला तर तोही पुरावाच. डिजिटल वैयक्तिक डेटाविषयीच्या 2023 च्या कायद्यातही संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि माहिती घेऊन दिलेली असावी, अशी अपेक्षा आहे. सहीची अट नाही. उलट संमतीची विनंती मराठीतून वाचायला मागण्याचा हक्क समोरच्याला आहे. इंग्रजी फॉर्म घेऊन फिरणाऱ्यांनी हे वाचावं.

पण म्हणून तोंडी होकार सगळीकडे चालतो, असंही नाही. बलात्कारपीडितेची ओळख छापायची तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार तिची लेखी परवानगी लागते. पीडित अल्पवयीन असेल तर आईवडिलांच्या सहीनेही भागत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पॉक्सो कायद्याखाली तो अधिकार विशेष न्यायालयाचा.

आरोग्यविषयक संशोधनाचं आणखी वेगळं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये गाजलं. सरकारी पाहणीत 82,309 पैकी 13,861 जणींची शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यानंतर या घरांची दारं किती जणांनी ठोठावली असतील! अशा संशोधनात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहसा लेखी संमती घेतात. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईचा अंगठा घ्यायचा तर वाचता येणारा तटस्थ साक्षीदार हवा. मुकादम तटस्थ नसतो, आणि पुष्कळदा नवराही नसतो.

सर्वांत चिवट गैरसमज मात्र मुलाखत घेणाऱ्यांचा: एकदा सही मिळाली की आपण सुटलो. ऑपरेशनबद्दल मोकळेपणी बोललेल्या बाईला आपला फोटो गावभर मोबाइलवर फिरेल, हे सांगितलंच नसेल, तर त्या सहीत उचलीच्या अंगठ्याहून वेगळं काय? 2023 च्या कायद्यात दिलेली संमती मागे घेण्याची तरतूद आहे. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं असलं पाहिजे. म्हणजे तिच्याजवळ आपला फोन नंबर हवा. आणि लेख छापायचाच असेल, तर हंगाम संपून कोयते गावी परतल्यावर तो तिला आधी वाचून दाखवता येतो.