माणूस, पद आणि किल्ली

कलाशाखेच्या अंकात संगणकावरचा लेख पाहून काही वाचकांच्या भुवया वर जातील, याची मला कल्पना आहे. परंतु ज्या संगणकाविषयी मी लिहिणार आहे, त्याला गणित बेरीज-वजाबाकीपुरतेच लागते. कोण कोणत्या पदावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे, कोणाच्या हुकमाने आहे. आणि हे सारे कोणी वाचावे, कोणी लिहावे, कोणी बदलावे, हे त्याचे प्रश्न. म्हणजे आमच्या लोकप्रशासनाच्या तासाचेच. गेल्या दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एका कार्यालयाच्या आस्थापना शाखेत जुनी सेवापुस्तके संगणकात उतरवण्याचे काम मला मिळाले. तिथे जे समजले ते येथे मांडतो.

ज्यांच्या घरी सरकारी नोकरी आहे त्यांनी सेवापुस्तक पाहिले असेल. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची ओळखीची खूण, बोटांचे ठसे. पुढे नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली, पदोन्नती यांच्या नोंदी, आणि त्यांसमोर अधिकाऱ्याची सही. हे पुस्तक कसे ठेवावे याचे नियम १९८१ सालच्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांत आहेत. जन्मतारखेची नोंद बदलून हवी असेल तर नोकरीत आल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. नंतर कितीही पुरावे आणले तरी दार बंद. पाहता पाहता पुस्तक जाडजूड होते, वाळवी लागते, शाई फिकटते. पण खाडाखोड केली तर ती दिसते. कागदाचा हा मोठा गुण आहे. संगणकात जुना आकडा पुसून नवा टाकला तर तिथे पूर्वी काही होते याचा मागमूसही राहत नाही. म्हणून सेवकवर्गाच्या नोंदींची चांगली आज्ञावली लिहिणाऱ्यांना कागदाचा तो गुण मुद्दाम पुन्हा निर्माण करावा लागला.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती अशी, की माणूस आणि त्याची नोकरी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवली. माणसाला एकच क्रमांक, जन्मभराचा. महाराष्ट्र शासनाच्या 'सेवार्थ' या वेतनप्रणालीत प्रत्येक कर्मचाऱ्याला असा क्रमांक असतो. बदली झाली की जुने कार्यालय त्याला आपल्या यादीतून सोडते आणि नवे कार्यालय त्याच क्रमांकाने जोडून घेते. हे ऐकायला अगदी साधे वाटते. पण मी काम करीत होतो त्या कार्यालयात (तिथली प्रणाली वेगळी, स्थानिक बनावटीची होती) एक निवृत्त शिपाई रोज दुपारी येऊन बाकावर बसत. त्यांची बदली झाली तेव्हा जोडून घेण्याऐवजी कोणीतरी त्यांचा नवा अर्ज भरला होता. झाले! एका माणसाची दोन माणसे झाली. एकाची सेवा चोवीस वर्षांची, दुसऱ्याची नऊ वर्षांची. पडद्यावर दिसे तो दुसरा. जुन्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे दहा वर्षांची अर्हताकारी सेवा झाली नसेल तर मासिक निवृत्तिवेतन नाही, एकरकमी उपदान तेवढे मिळते. तेहतीस वर्षे घंटा वाजवलेल्या माणसाला "तुमचे निवृत्तिवेतन बसत नाही" असे सांगण्यात आले. अखेर पहिल्या कार्यालयाच्या माळ्यावरून मूळ सेवापुस्तक निघाले, तेव्हा दोन्ही क्रमांक एक झाले. मधे सात महिने गेले. तेवढ्या अवधीत त्यांनी चहाचेसुद्धा पैसे कोणाला देऊ दिले नाहीत, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

दुसरा कप्पा पदाचा. पद म्हणजे खुर्ची. तिच्यावर कोणी बसलेले असो वा नसो, ती मंजूर असते. शासनाच्या भाषेत या मंजूर खुर्च्यांच्या यादीला आकृतिबंध म्हणतात. जर्मनीत १९७२ साली स्थापन झालेल्या 'सॅप' कंपनीच्या आज्ञावलीत याहून बारीक भेद केलेला आहे. 'कनिष्ठ लिपिक' हा कामाचा प्रकार झाला. 'अमुक शाखेतील कनिष्ठ लिपिकाची तिसरी जागा' हे पद झाले. आणि त्या जागेवर सध्या बसलेली व्यक्ती ही तिसरीच बाब. प्रकार एक, पदे अनेक, माणसे येती-जाती. एकाच माणसाकडे दोन खुर्च्या असू शकतात. आपल्याकडे त्याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात, आणि तो किती काळ 'अतिरिक्त' राहतो हे प्राध्यापक मंडळींना मी सांगायला नको. अमेरिकेत १९८७ साली निघालेल्या 'पीपलसॉफ्ट'ने (ती कंपनी २००५ साली 'ओरॅकल'ने घेतली) याची सोय छान केली आहे. माणसाचा क्रमांक तोच, पण पहिल्या नोकरीला शून्य आणि दुसरीला एक असा उपक्रमांक. त्यामुळे दोन्हींचा इतिहास वेगळा राहतो, माणूस मात्र दुभंगत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, तारीख. या प्रणालींत नोंद पुसायची नसते, तिच्याखाली नवी ओळ घालायची असते; आणि ती कोणत्या दिवसापासून लागू, ते लिहायचे असते. १ जुलैला वेतनवाढ झाली तर 'सॅप'मध्ये जुनी ओळ आपोआप ३० जूनला संपते आणि नवी ओळ सुरू होते. नवी ओळ कधी संपेल? ते कोणालाच ठाऊक नसते. म्हणून तिथे शेवटची तारीख पडते ३१ डिसेंबर ९९९९. कनिष्ठ लिपिकाच्या नेमणुकीला इतके दीर्घायुष्य लाभलेले पाहून मला प्रथम हसू आले. नंतर त्यातला शहाणपणा कळला. 'अद्याप चालू' हे यंत्राला समजेल अशा रीतीने सांगायचे, तर कधीच न येणारी तारीख हवी.

तारखेबरोबरच अधिकाराचा प्रश्न उभा राहतो. समजा, एका बाईंना पदोन्नती मिळायला उशीर झाला आणि शासनाने त्यांना मानीव दिनांक दिला. म्हणजे आज पदोन्नती, पण ती तीन वर्षांपूर्वी झाली असे मानायचे. आता इतिहासाच्या मध्यभागी ओळ घालणे आले. तीन वर्षांचे वेतन बदलते, थकबाकी निघते, ज्येष्ठता-यादीत कोणीतरी वर जाते आणि साहजिकच कोणीतरी खाली येते. 'पीपलसॉफ्ट'मध्ये यासाठी तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा लिपिक चालू आणि पुढल्या तारखेच्या ओळी पाहतो, नवी ओळ घालतो. मागे जाऊ शकत नाही. दुसऱ्या पायरीवर मागचा इतिहास वाचता येतो. तिसरीवर तो बदलताही येतो. ही तिसरी पायरी सगळ्यांना देऊन टाकली की नोंदवही आणि फळा यांत फरक उरत नाही. आणि कामाची घाई असली म्हणजे नेमकी तीच सगळ्यांना दिली जाते.

या परवानग्या कोणाला द्यायच्या? माणसाला दिल्या तर बदलीनंतर त्या त्याच्याबरोबर जातात, किंवा मागे राहून कोणाच्या तरी हाती लागतात. याचे सुटसुटीत उत्तर १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी एका निबंधात मांडले. परवानगी भूमिकेला द्यावी आणि माणसाला भूमिका द्यावी. २००४ साली ते अमेरिकेचे प्रमाणित मानकही झाले. याच विचाराचे दुसरे अंग असे, की काही भूमिका एका हाती येता कामा नयेत. 'सेवार्थ'मध्ये नव्या कर्मचाऱ्याची माहिती साहाय्यक भरतो आणि आहरण व संवितरण अधिकारी ती मंजूर करतो. दोघेही एकच असले, तर नसलेल्या माणसाचा पगार काढणे अवघड नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे शिवकालातील किल्ल्याची व्यवस्था आठवेल. हवालदार, सरनोबत आणि सबनीस हे तिघे समान दर्जाचे. किल्ल्या एकाकडे, हजेरीपट दुसऱ्याकडे. एक फितला तरी किल्ला जाऊ नये, ही योजना.

लिहिण्याइतकाच पाहण्याचाही प्रश्न आहे. वेतन काढणाऱ्याला बँकेचा खाते क्रमांक लागतो, पण तीन महिन्यांची रजा कोणत्या आजारासाठी होती हे कळण्याचे त्याला काय कारण? सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात म्हटले, की कर्मचाऱ्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षा या वैयक्तिक बाबी आहेत. व्यापक लोकहित असल्याशिवाय त्या बाहेरच्या माणसाला देऊ नयेत. पण कार्यालयाच्या आतल्या माणसाचे काय? कागदी सेवापुस्तक कपाटात असे, कपाटाला कुलूप असे, आणि ते उघडताना चार जण पाहत. पडदा उघडताना कोणी पाहत नाही. म्हणून कोणी, केव्हा, कोणाचे पान उघडले याची नोंद यंत्राने स्वतःच ठेवली पाहिजे, आणि ती नोंद पुसण्याचा अधिकार पान उघडणाऱ्यांपैकी कोणालाही असता कामा नये. मी पाहिलेल्या प्रणालीत लिहिल्याची नोंद होत असे, वाचल्याची होत नसे. माझ्या मते हा दोष लहान नाही.

आणि एवढे सगळे नीट बांधले तरी सांकेतिक शब्द टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर असतो. साहेब दौऱ्यावर जाताना तो लिपिकाला सांगून जातात, कारण महिनाअखेरीला देयके अडता कामा नयेत. यात लबाडी क्वचितच असते, सोय असते. दुसऱ्या सुट्टीत मला वापरणाऱ्यांची यादी तपासायला बसवले. तीत एका अधीक्षक बाईंचे नाव 'मंजुरी देणारे' या रकान्यात होते. त्यांची बदली होऊन चौदा महिने झाले होते. त्यांच्या नावाने शेवटची मंजुरी पडली होती ती आदल्या आठवड्यात.