डबकं लाल होतं तेव्हा

ऐक मनू, आज राजाची गोष्ट नाही. आज राजापेक्षा चिवट जिवाची.

युरोपात बागेत पक्ष्यांना पाणी प्यायला दगडी पात्रं ठेवतात. उन्हाळ्यात पाणी आटत आलं की कधी कधी तळाला लालभडक साका धरतो. बघणाऱ्याला वाटावं, रक्तच सांडलंय! पण ते असतं एक शैवाल, हीमॅटोकॉकस. 1844 साली यूलियस फॉन फ्लोटो नावाच्या जर्मन गृहस्थांनी त्याचं वर्णन केलं. हे आधी लष्करात अधिकारी, मग दगडफुलांच्या नादी लागलेले. तेव्हा अशी माणसं असायची.

गंमत म्हणजे हे शैवाल मुळात हिरवंगार. सूक्ष्मदर्शकाखाली एक हिरवा ठिपका दोन बारीक शेपट्या मारत भिरभिर पोहताना दिसतो. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी.

मग ऊन तापतं, पाण्यातला नायट्रोजन संपतो. हरितद्रव्य उन्हाची ताकद शोषतच राहतं, पण वाढच थांबल्यावर ती खर्चायची कशावर? पेशीच्या आत ऑक्सिजनची तापट रूपं तयार होतात आणि समोर येईल त्याची नासधूस करत सुटतात. पळून जायचं म्हटलं तर डबकं ते केवढं!

आपल्या माळ्यावर लग्नकार्याची मोठी पातेली असतात ना, एरवी कुणी हात न लावलेली? तशी पेशीतली काही जनुकं एरवी जवळजवळ गप्प असतात. संकटाचा निरोप केंद्रकात पोचला की त्यांच्या नकला भराभर निघू लागतात. मूळ जनुक जागचं हलत नाही हं. बाहेर जाते ती नक्कल, आरएनए. तिच्यावरून एन्झाइमं बनतात. त्यातलं एक, बीकेटी नावाचं, गाजराला केशरी करणारं बीटा-कॅरोटीन धरतं आणि त्याला ऑक्सिजन जोडतं. आणखी एकाची मदत झाली की तयार होतं लाल अ‍ॅस्टाझँथिन. नकला काही तासांत वाढतात, रंग चढायला मात्र दिवस जातात.

हा रंग तेलाच्या थेंबांत साठतो, आधी केंद्रकाभोवती. प्रखर उजेड पडला की थेंब कडेकडे सरकतात आणि आतल्या नाजूक भागावर लाल सावली धरतात. उजेड कमी झाला की परत आत! मला सगळ्यात आवडतं ते हेच. तोवर शेपट्या गेलेल्या असतात, भोवती जाड कवच आलेलं असतं. सुकवून वजन केलं तर पेशीचा 4 टक्क्यांपर्यंत भाग नुसता हा रंग भरतो.

तुला लोणार आठवलं असेल. 2020च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झालं तेव्हा आधी एका शैवालावरच संशय होता. पण पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, तर रंग निघाला मिठात राहणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. ती गोष्ट वेगळी.

आपलं डबकं पार सुकतं. पण पाऊस आला, की कवच फुटतं, एका पेशीतून कितीतरी हिरवी पिल्लं बाहेर पडतात, शेपट्या मारायला लागतात. रंगाच्या जनुकांचं काम पुन्हा मंदावतं.

आणि उद्या आई कोळंबी करेल तेव्हा कढईत नीट बघ. करडी कोळंबी तापली की नारिंगी होते, तेही अ‍ॅस्टाझँथिनच. ते तिच्यात आधीपासून असतं, प्रथिनाला चिकटून बसल्यामुळे करडं दिसतं. आच लागली की सुटतं. पण कोळंबीला ते मुळापासून बनवता येत नाही. तिने जे खाल्लं, त्याने जे खाल्लं, असं मागे मागे गेलीस तर तळाशी बहुधा एखादं शैवालच भेटेल.