क्ष-किरणांपूर्वीचे खांद्याच्या अस्थिभंगावरील उपचार

खांद्याचा अस्थिभंग म्हणजे गळपट्टीचे हाड (जत्रुकास्थी), खवाटा किंवा दंडाच्या हाडाचे वरचे टोक मोडणे. १८९५ साली विल्हेल्म राँटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावेपर्यंत निदान केवळ दृष्टी, स्पर्श आणि हालचाल यांवर अवलंबून असे.

निदान

गळपट्टीचे हाड त्वचेलगत असल्याने त्याचा भंग बोटांना सहज कळे. दंडाच्या वरच्या टोकाशी मात्र जाड स्नायू आणि सूज यांमुळे हाड मोडले आहे की सांधा निखळला आहे, हे ठरवणे कठीण जाई. खांद्याची गोलाई जाऊन तो चपटा दिसल्यास सांधा निखळल्याचे, तर हाडाची टोके घासून करकर जाणवल्यास अस्थिभंगाचे अनुमान केले जाई. अनुमान चुकून मोडलेला हात जोराने ओढला गेल्यास मज्जातंतू व रक्तवाहिन्यांना इजा होण्याचा धोका असे.

प्राचीन उपचार

इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस (सुमारे इ.स.पू. १६००) या वैद्यकीय लेखात गळपट्टीचे हाड मोडलेल्या रुग्णाला उताणे निजवून, खवाट्यांमध्ये घडी ठेवून दोन्ही खांदे बाहेर ताणण्यास सांगितले आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिसच्या नावावरील ग्रंथात असे निरीक्षण आहे की, हे हाड लवकर जुळते, त्यामुळे वेदना थांबताच रुग्ण निष्काळजी होतात.

सुश्रुतसंहितेत या हाडाला ‘अक्षक’ म्हटले आहे. शेक दिल्यावर खाली दबलेले अक्षक मुसळाने वर उचलावे, वर आलेले दाबावे आणि घट्ट बांधावे, असे त्यात सांगितले आहे. निखळलेल्या खांद्यासाठी काखेत मुसळ देऊन सांधा बसवणे व नंतर स्वस्तिकबंध बांधणे हा उपाय आहे. आधारपट्ट्यांसाठी वड, पिंपळ, उंबर, पळस इत्यादींच्या साली सुचवल्या आहेत. बंध थंड ऋतूत सात, समशीतोष्ण काळात पाच आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बदलावा, असा नियम आहे.

अठरावे व एकोणिसावे शतक

फ्रेंच शल्यचिकित्सक प्येर-जोझेफ देझो (१७३८–१७९५) यांनी काखेत पाचरीच्या आकाराची उशी ठेवून दंड छातीशी बांधण्याची पद्धत रूढ केली. १८४६ नंतर ईथरच्या भुलीमुळे स्नायू शिथिल करून हाड बसवणे सुकर झाले.

मर्यादा

ब्रिटनचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील २९ जून १८५० रोजी घोड्यावरून पडले. गळपट्टीचे हाड मोडल्याचे समजले, परंतु असह्य वेदनांमुळे पूर्ण तपासणी होऊ शकली नाही. २ जुलै रोजी त्यांचा मृत्यू झाला. बाहेरून कळणारी इजा हीच संपूर्ण इजा असेल, याची खात्री तेव्हा देता येत नसे. क्ष-किरणांमुळे हाडांबाबतची ही अनिश्चितता बरीच कमी झाली. हात झोळीत ठेवून विश्रांती देण्याचा जुना उपाय मात्र अनेक अस्थिभंगांत आजही वापरला जातो.